माशाच्या पोटातली ज्वारी

मोलापोंग,
रविवार, ४ मार्च २००१

पुलेंग बये,

आधी शिव्या खा, मग खुशाली वाच. साहेबाच्या जिन्यावरून पडलीस, पाय मोडून घेतलास, आणि मला हे कळतं कुणाकडून? टॅक्सीवाल्या खाबोकडून! सगळ्या गाडीसमोर ओरडून सांगतो मेला, "माम्फो, तुझ्या बहिणीचा पाय आता नवीन घराच्या खांबाएवढा झालाय, आणि तेवढाच पांढरा." लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन चुलीपुढे बसून राहिले. तुला एक ओळ लिहायला काय झालं होतं? हात तर धड आहेत ना?

इकडे सगळं ठीक. आपला भाऊराया त्सेको मजेत आहे. मासे धरायला येणाऱ्या साहेब लोकांना होडीतून नेतो ना, सध्या त्याचा भाव वधारलाय. उन्हाळा सरून दिवस थंडावले तसे ट्राउट मासे खोल पाण्यातून वर यायला लागलेत, आणि यंदा सगळे कुठे गोळा झालेत माहीत आहे? धरणात बुडालेल्या आपल्या खालच्या घरावर. अगदी छपराच्या जागेवर. गुरांच्या गोठ्याची दगडी भिंत आहे ना, तिच्या कडेने रांग लावून उभे असतात म्हणतो. साहेब लोक सकाळी होडीत बसले की पहिला प्रश्न, "त्सेको, तुझ्या घरी नेणार का?" हा पण तोंड वर करून म्हणतो, "या की, दार उघडंच आहे." मला नाही आवडत असली थट्टा. धरणाचं पाणी भरायच्या आधी त्या घरात मी तुम्हा दोघांना पाठीवर बांधून वाढवलं. त्या घराच्या डोक्यावर बसून गळ टाकायचा, हे काय बोलण्यासारखं आहे का?

पण लिहायचं होतं ते वेगळंच. साहेब लोकांची ती सवय तुला माहीत आहे. दिवसातला पहिला मासा धरला की त्याचं पोट चिरून बघायचं, आज मासे काय खातायत, म्हणजे तसलीच पिसांची खोटी माशी गळाला बांधता येते. मासे साफ करणारी मी, म्हणून पोटं बघणारीही मीच. एरवी काळे किडे असतात, गोगलगायी असतात. काल चार माशांच्या पोटात ज्वारी निघाली. अगं, ज्वारी! झोडलेली, उफणलेली, एक काडीसुद्धा नाही तिच्यात. मी तळहातावर घेऊन बघत बसले. आपल्या डोंगरावरची ज्वारी अजून हुरड्यातसुद्धा आलेली नाही. मग ही आली कुठून?

त्सेकोला दाखवली तर हसायला लागला. म्हणतो, "आई उफणत असेल खाली. वाऱ्याने उडालेलं मासे खातात." मी त्याला तिथल्या तिथे एक ठेवून दिली. पाणी भरायच्या आधी खालची कबर उकरून आईला आपण सरकारी ट्रकमधून वरच्या कबरस्थानात आणलं, मी स्वतः तिच्याशी बोलत बोलत आणलं, प्रत्येक वळणावर सांगितलं, आई, आता इकडे. ती खाली कशाला असेल?

पाय हलवू नकोस. वेड्यासारखी लंगडत कामं करू नकोस.

तुझी ताई,
माम्फो


मासेरू,
शुक्रवार, ९ मार्च

ताई,

शिव्या पोचल्या, भरपूर होत्या, पुरवून पुरवून खाल्ल्या. पाय मोडल्याचं कळवलं नाही कारण तू तडक निघून आली असतीस आणि इथे येऊन साहेबांच्या स्वयंपाकघरावर राज्य करत बसली असतीस. मला उठायची मनाई आहे. खिडकीशी खाट टाकून दिलीय. साहेब रोज विचारतात, "पुलेंग, चहा हवा का?" आणि मग चहाची पूड कुठे आहे हेही मलाच विचारतात.

ज्वारीचं काय एवढं मनावर घेतेस? कुणी तरी नवशिका मासे जमावेत म्हणून पाण्यात मूठभर ज्वारी टाकत असेल. आमचे पीटर्से साहेब स्वतः ट्राउटवाले, त्यांना विचारलं. म्हणाले, असले लबाड लोक असतात, त्यांना धरणावर येऊ देऊ नये. झालं, सुटलं कोडं.

पण ताई, त्सेकोच्या बोलण्याची मला काळजी वाटली. मला त्याने गेल्या खेपेला खाबोबरोबर दोन ओळी पाठवल्या होत्या, त्यात लिहिलं होतं की दुपारी वारा पडला की खालची चूल दिसते. थट्टाच असेल. तरी त्याला तिकडून हलव. साहेबांना बागेला आणि गाडी धुवायला माणूस हवाय, पगार बरा आहे, मागे खोली आहे. मी शब्द टाकलाय, ते हो म्हणालेत. तुझ्या शेपटीला बांधून ठेवू नकोस त्याला. सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, अजून त्याच्या अंगावरच्या ब्लँकेटची पिन तू लावून देतेस, मला माहीत आहे.

पुढच्या टॅक्सीने पाठव. नक्की पाठव.

तुझी,
पुलेंग


मोलापोंग,
बुधवार, १४ मार्च

पुलेंग,

हे पत्र बसून वाच. बसलेलीच आहेस म्हणा. तर मग ऐक, आणि मी सांगते तस्सं वाग.

त्सेकोला पाण्याने बोलावून नेलं.

सोमवारी सकाळी गेला तो एकटाच, साहेब लोक कुणी नव्हते. दुपारी होडी दिसली, खालच्या घरावर. आपल्या वाटेवरचं जे पॉप्लरचं झाड होतं, त्याचा वाळका शेंडा अजून पाण्याबाहेर आहे, त्याला बांधलेली. वाहून गेलेली नाही, उलटलेली नाही, बांधलेली. त्याच्याच हातची गाठ. आत त्याचे बूट जोडीने ठेवलेले, जसे आपण कुणाच्या घरात शिरताना ठेवतो. टोपी बुटांवर. ब्लँकेट घडी घालून, कोरडं. वल्हीसुद्धा कोरडी.

बुडणारा माणूस ब्लँकेटची घडी घालतो का? सांग मला.

वैद्यबाबा न्ताते मोखेथी खोऱ्यातून आले. म्हातारा आता काठी घेऊन चालतो पण नजर तीच आहे. त्यांनी होडी बघितली, बूट हातात घेऊन वास घेतला, आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "पोरी, हा गेलेला नाही. हा पाहुणा गेलाय. पाण्याखालचे याला वैद्यकी शिकवून परत पाठवतील." मी विचारलं, कधी? म्हणाले, त्यांचं काम झालं की.

आता नियम तुला माहीत आहेत, तरी लिहिते, कारण शहरात राहून तुझं डोकं साबणाने धुऊन निघालंय. घरातल्या कुणीही रडायचं नाही. डोकं भादरायचं नाही, काळं नेसायचं नाही, त्याचं नाव घेऊन चर्चमध्ये मेलेल्यांची प्रार्थना करायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याला शोधायला कुणी पाण्यात उतरायचं नाही. बोलावलेला माणूस आपल्या पायांनी बाहेर यायला हवा. ओढून काढला तर तो माणूस हाताला लागतो, पण जीव लागत नाही. वरच्या वाडीची मासेलो आठवते ना? नदीने नेली होती, घरच्यांनी डोळ्यातून टिपूस काढलं नाही, आली की परत, अंगाला पांढरी माती फासलेली, आज सगळ्या खोऱ्याला औषध देते. आणि तिच्या चुलत बहिणीलाही नेलं, तर त्या पोरीच्या आईने हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी पोर तरंगत आली. आपण दोघींनी बघितलंय, तू माझ्या मागे लपली होतीस.

म्हणून रडू नकोस. मी रडत नाहीये. माझं काय होतंय ते मला विचारू नकोस. मी घर झाडते, भांडी घासते, झाडलेलं पुन्हा झाडते.

माम्फो


मासेरू,
शनिवार, १७ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. मी रडले नाही. शप्पथ. खाबो समोर उभा होता, त्याला म्हटलं, उन्हामुळे डोळ्यात पाणी येतंय, पडदा ओढ. पण आलं नव्हतंच. काहीच आलं नाही.

तू म्हणशील तसं करू. मी काही करणार नाही, कुणाला बोलणार नाही. मासेलो मला आठवते.

फक्त मला थोडं सांग. इथे पडल्या पडल्या मला मनाने तरी तिथे त्याच्यापाशी बसायचंय, आणि पाणी भरल्यापासून मी त्या बाजूला फिरकलेच नाही, मला काही आठवेना झालंय. होडी कुठून सोडायची? पॉप्लरच्या शेंड्यापासून घर कुठल्या हाताला येतं? दार कुणीकडे होतं, उगवतीला ना? पाणी तिथे किती खोल आहे? त्सेको म्हणायचा की गळाची दोरी पाच माणसांएवढी खाली जाते, खरं का ते? सगळं नीट लिही, म्हणजे मला डोळे मिटून तिथे जाता येईल.

पोलिसांना कळवलंस का? तेवढं तरी कर.

जेवतेस ना?

पुलेंग


मोलापोंग,
मंगळवार, २० मार्च

माझ्या सोन्या,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं, तू शिकलेली, आता तू मला चार शब्द ऐकवणार, वेडी म्हणणार. आणि तू तर मनाने तिथे जाऊन बसायचं म्हणतेस! शेवटी एकाच चुलीवर वाढलोय आपण.

तर ऐक, डोळे मीट. नव्या धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवरून होडी सोडायची. दोन काळे सुळके एकामागे एक दिसेपर्यंत सरळ जायचं, मग उजवीकडे वळायचं. पॉप्लरचा शेंडा आला की आपलं अंगण आलं. शेंड्यापासून होडीची लांबी दोनदा मोजायची, मावळतीकडे. तिथे थेट खाली घर. छप्पर तेव्हाच काढून नेलं होतं आपण, त्यामुळे वरून उघडं आहे. भिंती उभ्या आहेत. दार उगवतीला, तुला बरोबर आठवतंय. चूल दारातून शिरल्यावर डाव्या हाताला. आणि पाणी पाच माणसांएवढंच, त्सेको खोटं नव्हता सांगत.

मी रोज जाते तिथे. होडी मलाही वल्हवता येते, काय समजलीस? त्याच्याच गळाने एक मासा धरते आणि तिथेच होडीत पोट चिरते. बाकीचे सगळे सोडून देते, एक पुरतो. पुलेंग, ज्वारीला मोड आलेत! बोटभर पांढरे मोड. तुला कळतंय का? त्यांनी ज्वारी भिजत घातली, पसरली, आता मोड काढतायत. जोआलाची दारू घालायची तयारी चाललीय खाली. कुणासाठी घालतात जोआला? माणूस काम संपवून घरी निघाला की त्याला पाठवायला घालतात. गावातल्या बायकांना दाखवलं. एकजण म्हणाली, मोड चांगले आलेत, हात जाणता आहे.

आणखी एक. काल गळ खाली अडकला, ओढला तर दोरी तुटली. मी नुसतीच दोरी परत खाली सोडली, का सोडली मला माहीत नाही. वर घेतली तर टोकाला गळ, आणि गळाला नवी माशी बांधलेली. कोंबडीच्या पांढऱ्या पिसाची. गाठ त्सेकोची. पांढऱ्या कोंबड्या आता साऱ्या गावात कुणाकडे नाहीत. आईकडे होत्या.

मी ती माशी छातीशी धरून घरी आले. मला कालपासून थंडी वाजते, चुलीपुढे बसले तरी वाजते. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही मी. जे कोण खाली आहेत त्यांची मला भीती वाटते. पण ते देतो म्हणतायत, आणि मला माझा पोरगा हवाय. मी त्यांच्याशी भांडणार नाही.

पोलीस आले होते. काठावरून पाण्याकडे बघितलं, चहा घेतला, मला म्हणाले, "बाई, इथलं पाणी थंड आहे, आशा ठेवू नका." मी म्हटलं, बरं.

जेवते मी. तूही जेव.

ताई


मासेरू,
मंगळवार, २७ मार्च

ताई,

हे पत्र तुला जे लोक आणून देतील त्यांच्यावर ओरडू नकोस. ओरडायचं तर माझ्यावर ओरड.

हे पीटर्से साहेबांचे मित्र आहेत, ब्लूमफाँटेनचे. पाण्याखाली उतरणारे. साहेबांनी शब्द टाकला आणि ते काही न घेता यायला तयार झाले. बुधवारी निघून मुक्काम करत गुरुवारी सकाळी तुझ्याकडे पोचतील. जागा मी त्यांना लिहून दिलीय. तू मला लिहिलीस तीच, सुळके, शेंडा, मावळतीकडे होडीच्या दोन लांब्या. ताई, मी तुला फसवलं. मनाने जाऊन बसायचं नव्हतं मला.

तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्यांदा त्सेकोसाठी काळीज तुटलं. मग तुझी भीती वाटायला लागली. तू रोज एकटी त्या पाण्यावर जातेस, माशांची पोटं चिरतेस, आणि त्यात तुला निरोप सापडतात. तू झोपत नाहीस, हे मला तुझ्या अक्षरावरून कळतं. एक दिवस तूही बूट काढून जोडीने ठेवशील आणि ब्लँकेटची घडी घालशील. मग मला या जगात कोण आहे? सांग ना, कोण आहे?

तो गेला, ताई. आपला त्सेको बुडाला. पाण्यात उतरायची ओढ त्याला कधीपासून होती, आपण दोघींनी ती थट्टेवारी नेली. आता त्याला त्या थंडीत ठेवायचं नाही. वर आणायचं, आईच्या शेजारी ठेवायचं, आणि आपण दोघींनी गळ्यात गळा घालून पोटभर रडायचं. मी अजून रडलेले नाही. तुला दिलेला तेवढा एक शब्द पाळलाय. काळं कापड आणून ठेवलंय, पण नेसलेले नाही. तू रडलीस की मी रडेन.

मला माफ कर आणि त्यांना त्यांचं काम करू दे.

तुझी,
पुलेंग


मोलापोंग,
बुधवार, २८ मार्च

पुलेंग, पुलेंग, पुलेंग!

खाबो उद्या खाली येईल तेव्हा हे देईल, पण मला आत्ताच लिहायचंय, हात थांबत नाहीत.

चोथा! आज माशाच्या पोटात चोथा निघाला. गाळलेल्या जोआलाचा चोथा, आंबट वास येणारा, अजून कोमट. कोमट म्हणते मी, त्या बर्फासारख्या पाण्यातल्या माशाच्या पोटात. गाळली त्यांनी! जोआला गाळली की काय राहतं? एक दिवस प्यायची, एक दिवस निरोप द्यायचा. न्ताते मोखेथींना मुद्दाम घोड्यावरून बोलावून आणलं. त्यांनी चोथा जिभेवर ठेवला, थुंकले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, "शनिवारी सकाळी काठावर उभी राहा. ब्लँकेट उघडून धर. तो पाण्यातून येईल तेव्हा नाव घेऊन हाक मारू नकोस, नुसतं गुंडाळ आणि घरी ने."

मीही जोआला घातलीय. उद्या शेळी आणायला वरच्या वाडीला जायचंय, मासेलो स्वतः देतेय, एक पै घेत नाही म्हणाली. परवा बायका ढोल घेऊन येतील. अंगण सारवून काढलंय. त्याचे बूट तेल लावून उन्हात ठेवलेत, जरा कडक झाले होते.

तू पण ना! तू रडली नाहीस, म्हणून हे झालं. मला माहीत आहे तुला काय जड गेलं असेल ते. लहानपणी काटा टोचला तरी सगळं खोरं जागं करायचीस. मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगणार, की तुझी बहीण खाटेवर मोडका पाय घेऊन पडली होती आणि तुझ्यासाठी दात आवळून गप्प राहिली.

साहेबांना सांग, बागेचा माणूस येतोय. पण थोडे दिवस माझ्याकडे राहू दे, मग पाठवते. खरंच पाठवते. मी आता धरून ठेवणार नाही.

तुझी,
ताई


मोलापोंग,
शुक्रवार, ३० मार्च

पुलेंग,

तू वाट बघत असशील. लिहिते.

तुझं पत्र मला वेळेवर मिळालं नाही. त्यांनी माझं दार ठोठावलं असेल. मी शेळी आणायला गेले होते. पत्र कडीत खोचून ते पुढे गेले. विचारायची गरजच नव्हती त्यांना, जागा तर लिहिलेली होती. मी शेळी ओढत डोंगर उतरत होते तेव्हा होडी शेंड्यापाशी दिसली. मी ओरडले. इतक्या वरून कुणाला ऐकू जाणार? शेळी सोडली आणि धावत सुटले.

मी काठावर पोचले तेव्हा ते त्याला आणत होते.

माणसं वाईट नव्हती. हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्यातला जो खाली उतरला होता तो तरुण होता, त्सेकोच्या वयाचा. त्याने त्याला दगडांवर अलगद ठेवलं, डोक्याखाली स्वतःचा हात ठेवला. मग तो माझ्याकडे बघेना. लांब जाऊन बसला. त्याला चहा दिला तेव्हा बोलला. म्हणाला, "बाई, तो चुलीजवळ बसला होता. डाव्या हाताला. मांडी घालून. मी त्याचा दंड धरला तर त्याने मान हलवली. नको, अशी. मला वाटलं, पाण्याने हलली. मी तेच समजलो, देवाशप्पथ."

त्सेकोचं डोकं कुणीतरी तुळतुळीत केलेलं. अंगाला पांढरी माती, ओली नाही, सुकून तडकलेली. नखं कापलेली. आपल्या पोराचं एवढं कुणी केलं ते मला माहीत नाही. मी ब्लँकेट उघडून त्याला गुंडाळलं आणि पुलेंग, तो गरम होता. मी लिहिणार नव्हते हे. सकाळपासून हे वाक्य चारदा खोडलं. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. तो तव्यावरून काढलेल्या भाकरीएवढा गरम होता. मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. त्याने एक श्वास सोडला. जोआलाचा वास. ताज्या, गोड, नुकत्या गाळलेल्या जोआलाचा. आत घेतला नाही, फक्त सोडला. मी कितीतरी वेळ तशीच वाकून राहिले, दुसरा येईल म्हणून.

मी तुझ्यावर रागावलेय. खोटं कशाला लिहू? काल तू समोर असतीस तर मी काय केलं असतं मला सांगवत नाही. आज थोडा कमी राग आहे. तू भीतीने केलंस, आणि भीती माझ्यासाठी होती, हे मला दिसतंय. तुला फसवावं लागलं, कारण मी ऐकलं नसतं, तेही खरं. जागा मीच लिहून दिली. डोळे मीट म्हटलं आणि वाट दाखवली. रात्रभर मी त्याच एका गोष्टीवर येऊन थांबते. तू हे तुझ्या एकटीच्या छातीवर घेऊ नकोस. पण माझ्याकडे इतक्यात माफी मागू नकोस, माझ्याकडे आज ती नाही.

काल संध्याकाळी खालच्या दवाखान्यातून नर्स आली. नवीन आहे, या भागातली नाही, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने ब्लँकेट बाजूला केलं, मान दाबून बघितली, पापण्या उघडून बघितल्या, हाताची बोटं वाकवून बघितली. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाई, मला कागदावर काय लिहायचं ते कळत नाहीये. हा आज सकाळीच गेलाय. तुम्ही सगळे म्हणता बारा तारखेचा सोमवार. मग इतके दिवस हा होता कुठे?"



मी म्हटलं, "घरी होता."

माम्फो